संगणकाच्या दप्तराची नक्कल

पेढीस आग लागली असता शहाणा पेढीवाला प्रथम तिजोरीकडे धावत नाही. तो वह्यांकडे धावतो. तिजोरीतील रोकड गेली तर ती एका दिवसाची हानी होय. परंतु खतावणीच जळून गेली तर कोणाकडून किती येणे आणि कोणाचे किती देणे हे सांगण्यास आधार राहत नाही, आणि असलेले येणेही नसल्यासारखे होते. म्हणूनच अस्सल कागद एका ठिकाणी आणि त्याची नक्कल दुसऱ्या ठिकाणी ठेवण्याची चाल, जेथे जेथे लेखनाची कला पोहोचली तेथे तेथे कोणत्या ना कोणत्या रूपाने पडलेली आढळते.

आज या वह्या संगणकाच्या पोटात गेल्या आहेत. बँकेतील खाती, आगगाडीची आरक्षणे, रुग्णालयातील रोग्यांच्या नोंदी, इतकेच नव्हे तर शेतकऱ्याचा सातबाराचा उतारा, हे सारे ज्या व्यवस्थित रचलेल्या संग्रहात साठविले जाते त्यास डेटाबेस असे म्हणतात. या संग्रहाच्या नकलेस बॅकअप हे नाव आहे. ती घेण्याची साधने दिसावयास अगदी साधी असतात. त्यांस चित्रे नाहीत, रंग नाहीत. काळ्या पडद्यावर अक्षरांची एक ओळ टंकावयाची, आणि यंत्राने निमूटपणे काम करावयाचे. या ओळीस कमांड लाइन म्हणतात. या एका ओळीच्या मागे सत्तर वर्षांचा इतिहास आहे. आणि तो इतिहास जितका युक्तीचा आहे तितकाच मनुष्याच्या गाफीलपणाचाही आहे.

प्रारंभी नक्कल ही वेगळी घ्यावीच लागत नसे. इ. स. १९५१ मध्ये अमेरिकेच्या जनगणना खात्याकडे युनिव्हॅक नावाचा संगणक आला. त्याची माहिती धातूच्या चुंबकीय फितीवर साठविली जाई. पुढील वर्षी, म्हणजे १९५२ मध्ये, आयबीएम कंपनीने प्लॅस्टिकच्या फितीवर लिहिणारे आपले ७२६ क्रमांकाचे यंत्र पुढे आणले. त्या फितीच्या एका इंचावर १०० अक्षरे मावत. बाराशे फुटांच्या रिळावर, मधल्या मोकळ्या जागा सोडल्या नाहीत तरी, चौदा लाखांच्या वर फारशी अक्षरे राहत नसत. परंतु फितीचा मोठा गुण तिच्या एका दोषात दडलेला होता. फितीच्या मध्यावरची एखादी नोंद खोडून तेथे दुसरी लिहिणे व्यवहारात शक्य नसे. यास्तव कालच्या हिशेबाची फीत एका यंत्रावर चढवावयाची, आजचे व्यवहार क्रमाने लावून दुसऱ्यावर चढवावयाचे, आणि दोहोंचा मेळ घालून तिसऱ्या कोऱ्या फितीवर नवा हिशेब लिहावयाचा, अशी पद्धत होती.

या पद्धतीमुळे कालची फीत जशीच्या तशी शिल्लक राही. आजच्या फितीत काही बिघाड झाला तर कालची फीत आणि आजचे व्यवहार पुन्हा यंत्रावर चढविले की झाले. तंत्रज्ञांनी अशा तीन पिढ्या जपून ठेवण्याचा प्रघात पाडला आणि त्यांस आजा, बाप व मुलगा अशी नावे दिली. नवी पिढी जन्मास आली म्हणजे सर्वांत जुनी फीत पुसून पुन्हा वापरावयाची. नक्कल ही या कामाची सावली होती. ती मागण्याची गरज नव्हती.

ही सावली तबकडीने नाहीशी केली. १९५६ मध्ये आयबीएमने रॅमॅक नावाचे यंत्र बाजारात आणले. त्यात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या एकाच आसाभोवती फिरत आणि त्यांवर पन्नास लाख अक्षरे राहत. हवी ती नोंद क्षणात सापडावी, आणि तेथल्या तेथे बदलता यावी, हा या तबकडीचा लौकिक. फितीवर हजार नोंदी ओलांडून ज्या ठिकाणी जावयाचे तेथे ही एका झेपेत जाई. सोय मोठी खरी. परंतु नोंद जागच्या जागी बदलली म्हणजे जुनी नोंद त्याच क्षणी मरते. कालचा हिशेब आता आपोआप मागे उरेना. ज्या दिवसापासून यंत्राला विसरता येऊ लागले, त्या दिवसापासून नक्कल घेणे हे स्वतंत्र कर्तव्य झाले. आणि जे काम आपोआप होत नाही ते मनुष्य विसरतो, हा अनुभव काही नवा नाही.

या कर्तव्यास साधनांची जोड मिळाली ती अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत. तेथे केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी १९६९ पासून युनिक्स नावाची कार्यप्रणाली घडविली. १९७५ साली तिची सहावी आवृत्ती निघाली. तीत डंप नावाची आज्ञा होती. डंपच्या अंगी तारतम्य होते. पुढे तिला शून्यापासून नऊपर्यंतची पायरी सांगता येऊ लागली. शून्य म्हटले की सर्वच्या सर्व फायली फितीवर उतरावयाच्या. वरची पायरी सांगितली की तिच्याहून खालच्या पायरीच्या मागील नकलेनंतर जे बदलले तेवढेच उतरावयाचे. रोज सर्व दप्तर उतरून काढण्याचा व्यर्थ शीण यामुळे वाचला. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत टार ही आज्ञा आली. फीत आणि संग्रह या अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांची अक्षरे जोडून हे नाव बनले आहे. अनेक फायलींची एकच मोट बांधणे हे तिचे काम. त्या वेळच्या फिती वस्तुसंग्रहालयात गेल्या, परंतु टारची मोट आजही जगभर रोज बांधली जाते.

या साधनांचे बळ वाढविले ते एका लहानशा उभ्या रेघेने. डग्लस मॅकिलरॉय या गणितज्ञांनी १९६४ मध्येच एका टिपणात अशी कल्पना मांडली होती की, बागेतील पाण्याच्या नळीस जसा नवा तुकडा जोडावा तसे प्रोग्रॅम एकमेकांस जोडता आले पाहिजेत. १९७३ मध्ये टॉम्प्सन यांनी ती युनिक्समध्ये उतरविली. तिचे नाव पाइप, म्हणजे नळी. एका आज्ञेच्या मुखातून निघालेली माहिती दुसऱ्या आज्ञेच्या कानात थेट शिरावी, अशी ही योजना. एक प्रोग्रॅम डेटाबेस वाचतो, दुसरा ती माहिती दाबून लहान करतो, तिसरा ती दूरच्या यंत्राकडे पाठवितो. आणि मनुष्याने लिहावयाची ओळ एकच.

परंतु या सोयीत एक खोच आहे, आणि पुढील कथेच्या दृष्टीने ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. नळीने जोडलेल्या आज्ञांपैकी शेवटची यशस्वी झाली की सगळे काम यशस्वी झाले, असे आज्ञा स्वीकारणारा प्रोग्रॅम एरवी धरून चालतो. समजा, पहिली आज्ञा डेटाबेसच्या दारातूनच परत फिरली. तिने काही वाचलेच नाही. दुसरीच्या हाती रिकामेपण आले. तिने ते रिकामेपण प्रामाणिकपणे दाबून लहान केले, फाइल बंद केली, आणि काम फत्ते झाल्याचे कळविले. सकाळी पाहणारास फाइल दिसते, तिच्यावर तारीख दिसते. आत काय आहे हे पाहण्याचे त्यास कारण वाटत नाही. ही चूक टाळण्याचा उपाय आहे; पण तो जाणून योजावा लागतो.

इकडे साठविण्याच्या माहितीचे स्वरूपही पालटत होते. १९७० मध्ये आयबीएममधील एडगर कॉड यांनी माहिती परस्परसंबद्ध कोष्टकांत मांडावी असा सिद्धांत प्रसिद्ध केला. त्यावर आजचे बहुतेक मोठे डेटाबेस उभे आहेत. मात्र असा डेटाबेस स्वस्थ बसलेला नसतो. शेकडो माणसे त्यात एकाच वेळी लिहीत असतात. अशा वेळी त्याच्या फायली नुसत्या उतरून घेणे धोक्याचे असते. समजा, नक्कल घेणाऱ्याने गोविंदाचे खाते वाचले. त्यात ५०० रुपये होते. तो पुढे सरकला, तोच गोविंदाने ते रुपये यशवंताच्या खात्यावर वळविले. मग नक्कल घेणाऱ्याने यशवंताचे खाते वाचले. तेथेही ते ५०० रुपये आले. नकलेत आता तेच रुपये दोन्हीकडे आहेत. अस्सल खरे, प्रत्येक वाचलेली ओळ खरी, आणि तरी नक्कल खोटी, असा हा चमत्कार होय.

यावर पहिला उपाय दांडगा होता. नक्कल होईपर्यंत कोणी लिहू नये म्हणून दाराला कुलूप लावावयाचे. पेढी रात्री बंद असते तोवर हे चालले. परंतु ज्या पेढीस रात्रच नाही, तिने काय करावे? याचे उत्तर म्हणजे, जुनी नोंद खोडू नये. तिच्या शेजारी नवी लिहावी, आणि कोणती नोंद कोणत्या क्षणापासून खरी याची खूण ठेवावी. मग नक्कल घेणारा ज्या क्षणी कामास लागला त्या क्षणीचे चित्र त्याच्यापुढे अखेरपर्यंत स्थिर राहते. इतर लोक खुशाल लिहीत राहोत. अमेरिकेतील बर्कली विद्यापीठात ज्याचे मूळ आहे त्या पोस्टग्रेस डेटाबेसने ही पद्धत १९९९ मधील ६.५ या आवृत्तीत आणली. आणि तेव्हापासून त्याची पीजी-डंप ही आज्ञा चालू डेटाबेसची सुसंगत नक्कल काढू लागली. मायएसक्यूएल या दुसऱ्या प्रसिद्ध डेटाबेसची मायएसक्यूएल-डंप ही आज्ञाही, त्याचे इनोडीबी हे भांडार असल्यास, याच न्यायाने काम करू शकते. फितीने जो गुण नकळत दिला होता, आणि तबकडीने जो हिरावून घेतला होता, तो मनुष्याने अशा रीतीने बुद्धीने परत मिळविला.

दुसरा उपाय व्यापाऱ्याच्या ओळखीचा आहे. व्यवहार झाला की तो प्रथम कीर्दीत चढतो. खतावणीत मागाहून उतरतो. डेटाबेसही असेच करतो. खतावणीस हात लावण्यापूर्वी तो प्रत्येक बदल एका कीर्दीत लिहितो, म्हणजे मध्येच वीज गेली तरी कीर्द वाचून खतावणी पुन्हा उभी करता येते. या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत आयबीएमचे जिम ग्रे हे प्रमुख होत. हरवलेले परत कसे मिळवावे याचा आयुष्यभर विचार करणारे हे गृहस्थ २००७ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोनजीकच्या समुद्रात आपल्या शिडाच्या नौकेतून एकटेच गेले, आणि पुष्कळ शोध करूनही सापडले नाहीत. त्याच परंपरेत मद्रासच्या आयआयटीचे विद्यार्थी असलेले सी. मोहन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९२ मध्ये एरीज ही पद्धत प्रसिद्ध केली. कीर्दीवरून दप्तर सावरण्याच्या कामी ती प्रमाण मानली गेली.

कीर्द जपून ठेवली तर आणखी एक मोठा लाभ होतो. रविवारची पूर्ण नक्कल आणि त्यानंतरची कीर्द हाती असली की, बुधवारी दुपारी घडलेल्या चुकीच्या आदल्या क्षणापर्यंत दप्तर पुन्हा लिहून काढता येते. पोस्टग्रेसमध्ये ही सोय २००५ च्या जानेवारीत आली. पूर्ण नक्कल थेट घेणारी पीजी-बेसबॅकअप ही आज्ञा २०११ मध्ये आली. आणि मागील नकलेनंतर जे बदलले तेवढेच उचलण्याची सोय २०२४ मधील सतराव्या आवृत्तीत आली. युनिक्सच्या डंपने पंचेचाळीसांहून अधिक वर्षांपूर्वी फायलींसाठी जे केले होते, तेच हे होय.

डेटाबेस मोठा झाला म्हणजे प्रश्न नकलेचा कमी आणि परत उभारणीचा अधिक होतो. पीजी-डंपची नक्कल ही एका अर्थाने कृतींची यादी असते: हे कोष्टक बांधा, त्यात या ओळी भरा, मग तिची सूची रचा. शंभर पानांच्या पुस्तकाची सूची रचणे सोपे. शंभर कोटी ओळींची सूची पुन्हा रचताना तासच्या तास जातात, आणि तोवर दुकान बंद राहते. म्हणून २००९ मध्ये परत उभारणीचे, आणि २०१३ मध्ये नक्कल काढण्याचे काम अनेक हातांनी एकदम करण्याची योजना पोस्टग्रेसने केली. तरीही फार मोठ्या संग्रहांसाठी फायली व कीर्द यांचाच मार्ग बहुधा पत्करावा लागतो.

साधने अशी परिपूर्णतेस येत असतानाच, २०१७ च्या ३१ जानेवारीस जे घडले ते या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण आहे. गिटलॅब ही प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचे काम सांभाळून ठेवणारी जगप्रसिद्ध कंपनी. तिच्या पोस्टग्रेस डेटाबेसचा एक मुख्य सर्व्हर होता, आणि त्याची सतत प्रतिकृती ठेवणारा एक दुय्यम सर्व्हर होता. त्या दिवशी कामाचा भार वाढला, दुय्यम सर्व्हर मागे पडला, आणि त्यास पुढे लागणारी कीर्द मुख्याने तोवर टाकून दिली होती. ती कोठे जपून ठेवण्याची व्यवस्था नव्हती. तेव्हा दुय्यम सर्व्हर रिकामा करून पुन्हा भरणे भाग पडले.

ग्रिनिचच्या घड्याळाप्रमाणे रात्रीचे अकरा वाजून गेले होते. तंत्रज्ञाने पीजी-बेसबॅकअपची आज्ञा दिली. ती स्तब्ध राहिली. वस्तुतः मुख्य सर्व्हर पाठवणीस आरंभ करील याची वाट पाहत ती उभी होती. परंतु तसे ती बोलली नाही. तंत्रज्ञास वाटले की, दुय्यम सर्व्हरवर उरलेल्या जुन्या फायली आड येत असाव्यात. त्याने त्या पुसण्याची आज्ञा टंकली. ती ज्या पडद्यावर टंकली गेली तो मुख्य सर्व्हरचा होता. एक-दोन क्षणांत चूक ध्यानात आली आणि त्याने आज्ञा थांबविली. तोवर सुमारे ३०० गिगाबाइटांपैकी साडेचार गिगाबाइट तेवढे शिल्लक उरले होते.

आता नकलांची आठवण झाली. पीजी-डंपची नक्कल रोज दूरच्या भांडारात जावी अशी योजना होती. भांडार उघडून पाहिले तो ते रिकामे. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा, आणि नक्कल घेणारी आज्ञा ९.२ आवृत्तीची, आपल्याहून नव्या डेटाबेसची नक्कल घेण्याचे ती नाकारते, आणि तिने ते रोज नाकारले होते. नाकारल्याचे वृत्त देणारी पत्रेही रोज निघत होती. परंतु त्यांवर योग्य सही नसल्यामुळे ती टपाल स्वीकारणाऱ्या यंत्रणेने परत लावली होती. तबकड्यांची संपूर्ण प्रतिमा घेण्याची व्यवस्था कंपनीच्या इतर यंत्रांसाठी होती. डेटाबेसच्या यंत्रांसाठी ती चालू केलेली नव्हती. आणि दुय्यम सर्व्हर तर आधीच रिकामा केलेला. चार पहारे नेमलेले होते, आणि चारांपैकी एकही जागा नव्हता.

दप्तर वाचले ते एका योगायोगाने. त्याच सायंकाळी ५ वाजून २० मिनिटांनी एका तंत्रज्ञाने चाचणीच्या कामासाठी डेटाबेसचे एक चित्र हाताने घेऊन ठेवले होते. नेहमीचे चित्र चोवीस तासांनी एकदा घेतले जाई. हे जादा होते. तेच चाचणीच्या यंत्रावरून परत आणावयाचे ठरले. त्या यंत्राच्या तबकड्या मंद असल्यामुळे नुसत्या या वाहतुकीस सुमारे अठरा तास लागले. कंपनीने हे काम जगापासून लपविले नाही. उभारणीचे दृश्य लोकांस थेट दाखविले आणि पुढे सर्व चुकांचा सविस्तर वृत्तान्त स्वतः प्रसिद्ध केला. लोकांनी लिहिलेले प्रोग्रॅम स्वतंत्र ठिकाणी असल्यामुळे सुरक्षित राहिले. तथापि मधल्या सुमारे साडेसहा तासांतील नोंदी कायमच्या गेल्या: अदमासे ५,००० प्रकल्पांच्या, ५,००० अभिप्रायांच्या आणि ७०० नव्या सभासदांच्या.

या प्रकरणात दोष कोणाचा, असा प्रश्न सहज उठतो. चुकीच्या पडद्यावर आज्ञा टंकणाऱ्या हाताकडे बोट दाखविणे सोपे आहे. परंतु थकलेला हात रात्री अकरा वाजता चुकणार, हे गृहीत धरूनच नक्कल ठेवावयाची असते. हात कधी चुकत नसता तर नकलेचे प्रयोजनच काय होते? खरा दोष मौनाचा होता. पीजी-बेसबॅकअप आपण का थांबलो आहोत हे बोलली नाही. पीजी-डंपचा नकार कोणाच्या कानी गेला नाही. रिकामे भांडार कोणी उघडून पाहिले नाही. नक्कल ठीक आहे हे पाहणे एका माणसाकडे नेमून दिलेले नव्हते, आणि म्हणून ते कोणाचेच काम नव्हते. अपघातानंतर कंपनीने जी कामे हाती घ्यावयाची ठरविली त्यांत, नकलेवरून दप्तर खरोखर उभे राहते की नाही याची यंत्राकरवी नित्य परीक्षा, हे एक होते.

तंत्रज्ञांत पीटर क्रोग या छायाचित्रकारांनी रूढ केलेला एक नियम सांगितला जातो. प्रती तीन असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतील एक दुसऱ्या गावी असावी. नियम उत्तम आहे. परंतु गिटलॅबच्या रात्रीने त्यास एक पुरवणी जोडली आहे. जी नक्कल कधी वाचून पाहिली नाही ती नक्कल नव्हे, ती केवळ समजूत आहे. जुन्या आजा-बाप-मुलगा पद्धतीत कालची फीत आज यंत्रावर चढवावीच लागे; म्हणून ती वाचता येते की नाही याची परीक्षा रोज, न मागता होई. आज ती परीक्षा मुद्दाम घ्यावी लागते. त्यासाठी कोणत्याही नव्या शोधाची वाट पाहावयास नको. एखाद्या निवांत दिवशी, काहीही बिघडलेले नसताना, कोऱ्या यंत्रावर कालची नक्कल उभी करावी, आणि गोविंदाच्या खात्यावर किती रुपये आहेत ते तिला विचारून पाहावे.